कप माझा, बशी त्याची

सोमवार, १ जानेवारी १९९६

मुलाने, प्रवीणने, त्याच्या कंपनीची डायरी आणून दिली. जाड पुठ्ठा, पानापानावर पंपाचं चित्र. एवढ्या कोऱ्या पानांचं करायचं काय, असं मी म्हटलं तर सूनबाई, म्हणजे नमिता, म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताना रोज त्या पेणमधल्या जुन्या जागा सांगता ना, त्या लिहून काढा. म्हणजे आम्हालाही एकदाच वाचाव्या लागतील." हसत म्हणाली, पण म्हणाली.

तर लिहितो. पेण शहरात बसण्याच्या, खाण्याच्या, पिण्याच्या माझ्या आवडत्या जागा. पिण्याच्या म्हणजे चहा आणि सोडा.

जागा पहिली: बाजारातलं दिनानाथचं हॉटेल. आधी त्याच्या वडिलांचं होतं. आत शिरल्यावर डाव्या कोपऱ्यातलं टेबल, ज्याच्या खिडकीतून पूर्वी टांगे दिसत आणि आता रिक्षा दिसतात. संगमरवराला एक तडा आहे, तो मी मीठ खात्यात कारकून म्हणून लागलो त्या वर्षापासून, म्हणजे अठ्ठावन्न सालापासून पाहतो आहे. दुपारी चार वाजता मी आणि पुंडलिक. एक चहा दोघांत. सांगावं लागत नाही. कप माझा, बशी त्याची. तेव्हा गरज होती, पुढे सवय झाली.

पुंडलिक चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा. मग तो बापाबरोबर मिठागरावर गेला आणि मुकादम होऊन घरी बसला. लवाटे गुरुजींनी स्वतः रचून आम्हाला शिकवलेली ओहोटीची कविता आम्ही दोघांनी एकाच पाटीवर उतरवून घेतली होती. ती कुठल्या पुस्तकात नाही. गुरुजी गेले, आता ती फक्त माझ्याकडे आहे.

ओहोटीचे पाणी गेले, ठेवून गेले ओली वाट,
बगळा एकटा उभा राही, मोजत राही लाट न् लाट.

मी म्हणतो, पुंडलिक ऐकतो. त्याच्यासारखा ऐकणारा सबंध तालुक्यात नसेल. बोलायची त्याला मुळात आवडच नाही.

मंगळवार, २ जानेवारी

पुंडलिक आला नाही. दिनानाथने विचारलं, "आज एकट्याला? कप भरून देऊ का अर्धा?" हा काय प्रश्न झाला? भरून दे म्हटलं. अर्धा तसाच राहिला.

बुधवार, ३ जानेवारी

आला. "काल कुठे होतास?" तर म्हणे, "रोह्याला गेलतो. बायजाकडं." बायजा त्याची मुलगी, तिकडे दिलेली. ठीक आहे, मुलीकडे जावंच माणसाने. म्हणाला, "रोह्यात ना एक..." मी म्हटलं, थांब, आधी हे ऐक, आणि डायरीचं पहिलं पान त्याला वाचून दाखवलं. बशी ओठाला लावून सगळं ऐकलं त्याने. वाचून झालं तेव्हा पाच वाजले होते.

मंगळवार, ९ जानेवारी

आज पुन्हा नाही.

जागा दुसरी: चावडीपलीकडचं सोड्याचं दुकान. गोटीची बाटली. गोटी आत पडल्याचा आवाज झाला की पुंडलिक दर वेळी दचकायचा, आणि मी दर वेळी हसायचो. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली. तिथे आता झेरॉक्स आहे.

जागा तिसरी: गणपतीच्या कारखान्याची ओसरी. श्रावणात तिथे बसलं की ओल्या शाडूचा वास यायचा, आणि रंगवायच्या राहिलेल्या मूर्ती आपल्याकडे डोळ्यांशिवाय बघायच्या. मी तिथे सबंध आठवीचं कवितांचं पुस्तक एका बैठकीत म्हणून दाखवलं होतं. पुंडलिकाला.

लिहिता लिहिता लक्षात येतं की प्रत्येक जागेत तो आहे. त्याच्या जागांत मी किती आहे, कोण जाणे.

मंगळवार, १६ जानेवारी

तिसरा मंगळवार. चारला दिनानाथकडे न जाता पापड देण्याच्या निमित्ताने पुंडलिकच्या घरी गेलो. सीताबाई, त्याची बायको, अंगणात वाल निवडत होती.

"पुंडलिक बायजाकडे गेला वाटतं," मी म्हटलं.

"बायजाकडं? बायजा तर म्हयना झाला हितंच हाय, भावजी. बाळंतपणाला आलेय." तिने आत हाक मारली, "बायजे, तुझे काका आलेत गो."

बायजा बाहेर आली. पोट हे एवढं. मी पापड दिले, विचारपूस केली, आणि परत आलो.

त्या टेबलावरच्या अडतीस वर्षांत पुंडलिक माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नाही. बोलायचाच कमी, त्यात खोटं कधी बोलणार.

शनिवार, २० जानेवारी

पुंडलिकच्या सदऱ्याला भांबुर्डीचा वास येत होता. टेबलाशी बसल्या बसल्या मला आला. आपल्याकडे कोणालाही हा वास कळतो. मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला, मधे वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा, आणि भोवती जाळ. पोपटी. दर वर्षी आमची पोपटी पुंडलिकच्या खाचरात होते आणि मडकं मी फोडतो.

"पोपटी खाल्लीस?"

"व्हय. निडीला. एकाच्या शेतावर."

"कोणाच्या?"

"काळुराम म्हणून हाय. धाटावच्या कंपनीत होता, आता रिटायर झालाय. चांगला मानूस हाय."

मी विचारलं नव्हतं चांगला आहे का. मी कप संपवला आणि बाविसाव्या वर्षी मामलेदार कचेरीत भेटलेल्या एका शास्त्रीबुवांची गोष्ट सांगितली. त्याने ती पूर्वी ऐकली आहे. ऐकली.

रविवार, २१ जानेवारी

काळुराम. नाव साधं आहे. मला आवडत नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला गेलो. मुलींनी एक कविता म्हटली, चालीत दोन ठिकाणी घसरली. उठून सांगणार होतो, नमिताने हात धरला.

पुंडलिकने आमच्या पोपटीचं अजून नावही काढलेलं नाही. मी काढणार नाही.

मंगळवार, ३० जानेवारी

जे झालं ते लिहितो.

दुपारच्या गाडीने मी रोह्याला गेलो. पुंडलिक पुढच्या डब्यात चढला, मी मागच्या. कासू, नागोठणे, निडी. निडीला पांढऱ्या टोपीतला एक जाडजूड माणूस पुंडलिकच्या डब्यात चढला. चढताना तो आधीच हसत होता. मला तेव्हाच कळलं की हाच तो.

रोह्याला स्टेशनबाहेर थोडं चालल्यावर पत्र्याची शेड आहे. ठमाबाईचं हॉटेल. पाटी नाही, लोक तसं म्हणतात. दोन लांब बाकडी, एक मोठं पातेलं, त्यात वालाचं बिरडं, आणि बरोबर पाव. मी रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी उभा राहिलो. साडेतीनच्या सुमारास जवळच्या धाटावच्या कारखान्यांतली, पहिली शिफ्ट सुटलेली माणसं आली. कोणी बसने, कोणी स्कूटरवर, खिशाला कंपनीचे बिल्ले. शेड भरली. गर्दीत मला कोणी बघणार नाही असं वाटून मीही आत गेलो आणि मागच्या बाकड्यावर पाठमोरा बसलो.

पुंडलिक मधोमध बसला होता. त्याच्यासमोर कप होता. पूर्ण भरलेला, त्याचा एकट्याचा. आणि तो बोलत होता.

अडतीस वर्षांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मिठागराचा बांध फुटल्याची गोष्ट सांगत होता. भरतीचं पाणी भगदाडातून आत येतंय, माती आणायला माणसं गेलीत, आणि तोवर काय करायचं म्हणून हा स्वतः त्या भगदाडात पाठ लावून बसला. भरती उतरेपर्यंत.

"आणि खेकड्यानं काय केलं, दादा?" एका पोरगेल्या कामगाराने विचारलं. म्हणजे गोष्ट त्यांना पाठ होती.

"खेकडा म्हनला, भाऊ, ही जागा माझी हाय, तू कोण?" पुंडलिक म्हणाला. "मी म्हनलो, बाबा, एक दिवस दे. त्यानं दिला, पन निशानी ठेवून गेला. बायकोला दाखवली, तुमाला नाय दाखवनार."

शेड हसली. पातेल्यामागून ठमाबाईही हसली.

तो बांध मला आठवतो. एकोणसत्तर साल. मी कचेरीत बसून वहीत लिहिलं होतं: बांधास किरकोळ भगदाड, दुरुस्त.

मग काळुराम म्हणाला, "दादा, आता ती बगळ्याची म्हना." आणि पुंडलिकने घसा साफ केला.

ओहोटीचे पाणी गेले, ठेवून गेले ओली वाट,
बगळा एका पायावरती, निवट्याशी त्याची गाठ.

निवटी. चिखलात उड्या मारणारा तो मासा. लवाटे गुरुजींच्या कवितेत निवटी. लोक मांडीवर थाप मारून हसत होते. कोणी "वा दादा" म्हणत होतं.

मी उठलो. का उठलो ते मला नीट सांगता येणार नाही. मी मोठ्याने म्हणालो, "चूक आहे."

सगळे वळले. पुंडलिक वळला नाही. त्याने माझा आवाज ओळखला असणार.

"मोजत राही लाट न् लाट, असं आहे ते. बगळा एकटा आहे, म्हणून मोजतो. निवटी-बिवटी काही नाही त्यात." आणि मी पहिल्यापासून आठही ओळी म्हणून दाखवल्या, गुरुजींच्या चालीत, बरोबर त्याच ठिकाणी थांबून. एक अक्षर चुकलं नाही.

कोणी हसलं नाही, वा म्हटलं नाही.

"आपन कोण?" काळुरामने विचारलं.

"माझा दोस्त हाय," पुंडलिक म्हणाला. "पेनचा. सायेब होता." त्याने कप खाली ठेवला. अर्ध्याहून जास्त चहा होता त्यात.

मी एकटाच परत आलो. तो कोणत्या गाडीने आला माहीत नाही.

मी म्हटलं ते बरोबरच होतं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आला नाही. काल आणि आज.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आला नाही. दिनानाथने विचारलं, "आजारी आहे का?" मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. तो म्हणाला, "मग कोणाला माहीत असणार?"

मंगळवार, ६ फेब्रुवारी

स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. दुपारची गाडी आली आणि गेली. पुंडलिक चढला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. जी माणसं त्याला माझ्यापासून नेत होती त्यांच्याकडेही तो गेला नाही. फलाटावरच्या बाकावर पुढची गाडी येईपर्यंत बसून राहिलो.

जागा चौथी लिहायला घेतली होती. सोडून दिली.

रविवार, ११ फेब्रुवारी

नमिताने ही डायरी वाचली. मी टेबलावर उघडी ठेवून झोपलो होतो. रागवणार होतो, पण तीच आधी म्हणाली, "बाबा, पुंडलिककाका रोह्याला जातात हे त्यांनी तुम्हाला का नाही सांगितलं?"

"तेच तर. खोटं बोलला."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हणालो असतो, चल, मी पण येतो."

ती भाकरी उलटायला आत गेली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पुंडलिकच्या घरी जायचा धीर होत नाही म्हणून रोह्याला गेलो. हे कोणाला सांगितलं तर हसेल.

ठमाबाईने मला ओळखलं. "तुमच्यापायी दादा येत नाय," म्हणाली. चहाचं विचारलं नाही. मी बाकड्याच्या टोकाला बसलो. साडेतीनला काळुराम आला, मला बघून थबकला, आणि मग शेजारीच येऊन बसला. अंगाला तंबाखूचा वास. जवळून बघितलं तर माझ्यापेक्षा म्हातारा.

"दादा बरे हायेत ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्याकडेही येत नाही."

हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याने हात वर केला, "ठमे, एक दे, आमा दोघांत." ठमाबाईने काठोकाठ भरलेला कप आदळला. काळुरामने अर्धा बशीत ओतला, बशी माझ्यापुढे सरकवली आणि कप स्वतः उचलला. अगदी सहज. त्याला काय माहीत.

मी बशी उचलली. भरलेली बशी एका हाताने उचलत नाही. दोन्ही हात लागतात, कोपरं टेबलाला टेकवावी लागतात, मान पुढे घ्यावी लागते, आणि फुंकर घालावी लागते. एवढ्यात काळुराम बोलायला लागला.

"तुमाला खरं सांगू का सायेब, आमी तुमच्यावर जळायचो. दादांचं आपलं चालूच. पेनला माझा दोस्त हाय, त्याला हजार कविता पाठ हायेत, तो बोलतो तसं कोन बोलत नाय. त्या बगळ्याचं पन सांगायचे, की ही माझ्या दोस्ताची कविता, मला अर्धीच ठावी हाय, अर्धी मी आपली घालतो. मी एकदा म्हनलो, दादा, मंगळवारी तरी त्याचं नाव काढू नका. तर म्हनले, मंग बोलू काय?"

मला सांगायचं होतं की तसं नाही. मला सांगायचं होतं, लवाटे गुरुजींचं. पण तोंडाला बशी. बशी खाली ठेवावी तर सांडते, ओठाला लावली तर बोलता येत नाही. मी तोंड उघडायला बघत होतो तोवर काळुराम पुढचं सांगत होता. मुलगा, जमीन, कंपनीतला आवाज ज्याने त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. मी ऐकत राहिलो. दुसरं काही करताच येत नव्हतं.

बशी रिकामी झाली तेव्हा माझी बोटं भाजली होती.

परतीच्या गाडीत मी कसलाच हिशेब मांडला नाही. नुसता बसलो. निडी, नागोठणे, कासू. कासूला खिडकीतून एक बगळा दिसला. ओहोटी होती. तो एका पायावर उभा होता आणि खाली चिखलात बघत होता. लाटा तिथे नव्हत्याच.

बुधवार, १४ फेब्रुवारी

पुंडलिकच्या घरी गेलो. बायजाला मुलगी झाली आहे, परवा. मला कोणी कळवलं नव्हतं. पुंडलिक अंगणात दोरी वळत बसला होता. मला बघून उठला नाही, जा पण म्हणाला नाही.

मी म्हटलं, "चार वाजतात."

"तू जा. मला काम हाय."

"कसलं?"

"दिसत नाय? दोरी."

आतून सीताबाईचा आवाज आला, "ती दोरी आठ दिस झाले वळतायत, भावजी. घेऊन जा त्यांना. नुसतं दारात बसून माझ्या डोक्यावर बसलेत." पुंडलिकने दोरी टाकली आणि चप्पल शोधायला लागला. आम्ही रस्त्याला लागलो. माफी मागण्याचे चांगले शब्द मी घरून ठरवून आणले होते, एक तर कवितेतलाच होता. तो आठवला आणि गिळला. "पोपटी राहिली आपली," एवढंच म्हटलं. "वाल संपले आता," तो म्हणाला.

डाव्या कोपऱ्यातलं टेबल. दिनानाथने न विचारता चहा आणला. कप माझ्यापुढे, बशी पुंडलिकपुढे, नेहमीसारखी.

मी बशी माझ्याकडे ओढली. चहा ओतला आणि कप त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय?" पुंडलिक म्हणाला.

"मला गरम झेपत नाही हल्ली."

"बशीतला गरम नसतो. म्हणून तर..." त्याने पुढचं सोडून दिलं. दिनानाथ गल्ल्यावरून आमच्याकडे बघत होता, टेबलच चुकलं की काय अशा नजरेने.

मी दोन्ही हातांनी बशी उचलली, कोपरं त्या तड्याच्या दोन बाजूंना टेकवली, आणि फुंकर घातली.

पुंडलिकने कप हातात धरला. कपाच्या कानात बोट कसं घालायचं हे त्याला जमेना, रोह्याला जमलं होतं तरी इथे जमेना. खिडकीतून रिक्षा जाताना बघत राहिला. माझ्या मनात शास्त्रीबुवा येऊन गेले, गुरुजी येऊन गेले, बाहेर पिंपळाला पालवी आहे त्यावरची एक सबंध कविता ओठांपर्यंत आली. ओठाला बशी होती.

मग तो म्हणाला, "रोह्यात ना एक बाई हाय, ठमाबाई म्हणून. तिचं हॉटेल हाय. ते तुला त्या दिवशी सांगनार होतो."

मी मान हलवली. थोडा चहा सांडला.

साडेपाचपर्यंत बोलला. काळुरामचं नाव नऊ वेळा आलं. मी मोजलं.